परदेशात विमानतळावरून भाड्याची गाडी घेताना: पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

रात्रभर विमानात बसून आलेला माणूस इमिग्रेशनच्या रांगेतून सुटतो, बॅगा मिळवतो आणि भाड्याच्या गाडीच्या काउंटरपुढे आणखी एका रांगेत उभा राहतो. नंबर लागेपर्यंत डोळे जड झालेले असतात, मुलं किरकिर करत असतात, मागे दहा माणसं खोळंबलेली असतात. नेमके तेव्हाच प्रश्न सुरू होतात. विमा वाढवून देऊ का? थोडी मोठी गाडी देऊ का? पेट्रोलचे पैसे आत्ताच भरता का? टोलचं यंत्र लावू का? कार्डावरची रक्कम तुमच्या चलनात टाकू का? यातल्या प्रत्येक 'हो'ला पैसे पडतात. मी पहिल्यांदा परदेशात गाडी घेतली तेव्हा झोपेच्या अमलाखाली चार वेळा 'हो' म्हणालो. मुक्कामी पोहोचून कागद वाचला तेव्हा कळलं, की वरचे खर्च मूळ भाड्याच्याही पुढे गेले आहेत.

तेव्हापासून एक नियम पाळतो. जे काही ठरवायचं ते निघण्याआधी, घरी बसून ठरवायचं आणि काउंटरवर फक्त ठरलेलं सांगायचं. म्हणूनच या लेखाचा निम्मा भाग विमानात बसण्याआधीच्या कामांचा आहे.

गाडी हवी का, आणि कोणत्या दिवसापासून

मोठ्या शहरात दोन-तीन दिवस राहणार असाल आणि तिथे मेट्रो, ट्राम, बस असेल, तर त्या दिवसांसाठी गाडी घेऊ नका. पार्किंग शोधण्यात वेळ जातो आणि पार्किंगचे पैसे कधी कधी गाडीच्या भाड्याला लाजवतात. शहर संपवून बाहेर पडायच्या दिवशी गाडी घ्या. शहरातल्या शाखेत भाडंही बऱ्याचदा कमी असतं, कारण विमानतळावरच्या शाखा विमानतळाचा अधिभार लावतात. मात्र शहरातल्या शाखा रविवारी बंद असू शकतात आणि युरोपात तर शनिवारी दुपारीच दार लावून घेतात. विमानतळावरच्या शाखा जास्त वेळ उघड्या असतात आणि गाड्याही जास्त. डोंगर, किनारे, छोटी गावं असा प्रवास असेल तर विमानतळावरूनच घेणं सोयीचं.

लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परमिट

'इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट' किंवा आयडीपी म्हणजे वेगळं लायसन्स, असा एक मोठा गैरसमज आहे. ती तुमच्या लायसन्सच्या अनेक भाषांतल्या भाषांतराची पुस्तिका असते. मूळ लायसन्स सोबत नसेल तर तिला काही अर्थ उरत नाही. ज्या देशाने लायसन्स दिलं तिथल्या सरकारी कार्यालयातून किंवा त्या सरकारने नेमलेल्या संस्थेकडूनच ती मिळते, आणि ती प्रवासाला निघण्याआधी काढावी लागते. इंटरनेटवर 'आंतरराष्ट्रीय लायसन्स' विकणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांच्या रंगीत कार्डाला पोलिसांसमोर काहीही किंमत नाही.

परमिटचे दोन प्रकार जास्त चालतात: १९४९ च्या जिनिव्हा करारातला आणि १९६८ च्या व्हिएन्ना करारातला. पहिला एक वर्ष चालतो, दुसरा जास्तीत जास्त तीन वर्षं. हा फरक कागदोपत्री वाटतो, पण जपानमध्ये फक्त १९४९ च्या नमुन्याचंच परमिट चालतं. चीनच्या मुख्य भूमीवर तर कोणतंच चालत नाही. तिथे स्थानिक परवाना काढावा लागतो. आपण जाणार त्या देशाला कोणता नमुना लागतो, हे त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्या.

गोंधळ पुढे आहे. रोमन लिपीतलं लायसन्स पाहून कंपनी परमिट न विचारता किल्ली देऊ शकते. पण त्या देशाचा कायदा परमिट मागत असेल आणि रस्त्यात पोलिसांनी अडवलं, तर कंपनी तुमच्या मदतीला येणार नाही. अपघात झाला तर विमाही अडकू शकतो. त्यामुळे कंपनीची अट आणि देशाचा कायदा, दोन्ही वाचायचे आणि जे कडक असेल ते पाळायचं. लायसन्स दुसऱ्या लिपीत असेल तर परमिटवाचून बहुतेक ठिकाणी काउंटरवरूनच परत पाठवतात.

लायसन्स मूळ हवं. मोबाइलमधला फोटो किंवा ॲप बहुतेक काउंटरवर चालत नाही. ते काढून किमान एक वर्ष झालेलं असावं लागतं, काही ठिकाणी त्याहून जास्त. वयाचीही अट असते. बहुतेक कंपन्या २१ वर्षांखालच्यांना गाडी देत नाहीत आणि २५ वर्षांखालच्यांकडून रोजचा जास्तीचा आकार घेतात. काही देशांत वरच्या वयालाही मर्यादा आहे. आईवडील गाडी चालवणार असतील तर ती अट आधीच बघा.

पासपोर्ट, लायसन्स आणि क्रेडिट कार्ड या तिन्हींवर नाव एकसारखं आहे ना, तेही आत्ताच ताडून पाहा. लग्नानंतर बदललेलं आडनाव एका ठिकाणी जुनं आणि दुसरीकडे नवं असेल, तर काउंटरवर समजावत बसायची वेळ येते.

कार्ड

गाडी ज्याच्या नावावर, क्रेडिट कार्ड त्याच्याच नावावर. नवरा गाडी चालवणार आणि कार्ड बायकोचं, असं चालत नाही. अशा वेळी बायकोच्या नावाने बुकिंग करून नवऱ्याला दुसरा चालक म्हणून लिहायचं, आणि त्यासाठी लायसन्स दोघांचंही लागतं. डेबिट कार्ड काही कंपन्या घेतच नाहीत; काही घेतात, पण महागडा पूर्ण विमा विकत घेण्याच्या अटीवर. प्रीपेड कार्डावर भरवसा ठेवू नका. कार्डाचा पिन पाठ असू द्या आणि परदेशातले व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये सुरू करून ठेवा.

डिपॉझिट कापत नाहीत, कार्डावर अडवून ठेवतात. तेवढी रक्कम तुमच्या मर्यादेतून बाजूला पडते आणि गाडी परत केल्यावर काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी मोकळी होते. गाडी जितकी मोठी आणि विमा जितका कमी, तितकं डिपॉझिट जास्त. बुकिंगच्या अटींत हा आकडा लिहिलेला असतो. तो शोधा आणि कार्डाच्या उरलेल्या मर्यादेशी ताडून बघा. हॉटेलंही त्याच कार्डावर पैसे अडवतात, हे लक्षात घ्या. मर्यादा पुरली नाही तर गाडी मिळत नाही आणि आधी भरलेलं भाडं परत मिळण्याचीही खात्री नसते.

बुकिंग करताना

तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर दर पाहणं ठीक आहे. पण अशा मध्यस्थाकडून बुकिंग केलं तर विमा कुणाचा आणि तक्रार कुणाकडे, हे दोन प्रश्न विचारून घ्या. दर पाहताना नेहमी एकूण रक्कम बघा: कर, विमानतळ अधिभार, दुसरा चालक, मुलांची सीट, सगळं धरून. विनाशुल्क रद्द करता येणारं बुकिंग शक्यतो घ्या. दर पुढे उतरला तर नवं करून जुनं रद्द करता येतं.

बुकिंगमध्ये फ्लाइट नंबर टाकायला विसरू नका. विमान उशिरा आलं तर कंपनीला कळण्याचा तोच मार्ग आहे. नाहीतर ठरलेल्या वेळेनंतर काही वेळाने 'आले नाहीत' अशी नोंद होते आणि गाडी दुसऱ्याला जाते. काउंटर रात्री किती वाजता बंद होतो, हेही पाहा.

भाड्याचा दिवस २४ तासांचा असतो. सोमवारी सकाळी १० वाजता घेतलेली गाडी शुक्रवारी दुपारी १ वाजता दिली, तर चार दिवसांऐवजी पाच दिवसांचे पैसे लागू शकतात. विमान उतरल्यानंतर काउंटरवर पोहोचायला तास-दीड तास लागतो, तो धरूनच सुरुवातीची वेळ टाका.

गाडीचा फोटो पाहून भुलू नका. खाली 'किंवा तत्सम' असं लिहिलेलं असतं, म्हणजे तुम्ही मॉडेल नव्हे, वर्ग आरक्षित करता. त्या वर्गाचा चार इंग्रजी अक्षरांचा एक सांकेतिक शब्द असतो, उदाहरणार्थ ई-सी-एम-आर. पहिलं अक्षर आकार सांगतं, दुसरं गाडीचा प्रकार, चौथं इंधन आणि एसी. नवख्या माणसाने तिसऱ्या अक्षराकडे बघावं: 'एम' म्हणजे हाताने गिअर टाकायची, 'ए' म्हणजे ऑटोमॅटिक. युरोपात साध्या वर्गात हाताच्या गिअरची गाडी मिळणं नेहमीचं आहे, अमेरिकेत जवळपास सगळ्या ऑटोमॅटिक. रस्त्याची बाजू बदलणार असेल तर ऑटोमॅटिकला थोडे जास्त पैसे द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. सवय नसलेल्या बाजूच्या गाडीत गिअर दुसऱ्या हाताने टाकावा लागतो, आणि पहिल्या दिवशी डोक्याला तेवढं एक काम कमी असलेलं बरं.

आकार निवडताना माणसं मोजू नका, बॅगा मोजा. पाच जणांच्या गाडीत पाच जणांच्या मोठ्या बॅगा मावत नाहीत. उलट गरजेपेक्षा मोठी गाडी जुन्या युरोपीय गावांच्या गल्ल्यांत आणि तळमजल्याखालच्या पार्किंगमध्ये जीव खाते.

आणखी तीन गोष्टी तिथेच तपासा. किलोमीटरला मर्यादा आहे का. गाडी एका शहरात घेऊन दुसरीकडे सोडली तर किती पडतात. देश बदलला तर हा आकडा फार मोठा होतो. आणि सीमेपलीकडे न्यायची परवानगी आहे का. युरोपात सीमा ओलांडल्याचं जाणवतही नाही, पण करारात त्या देशाचं नाव नसेल तर तिथे विमा लागू होत नाही. फेरीबोटीवर गाडी चढवायलाही वेगळी परवानगी लागू शकते.

शेवटी, काउंटर टर्मिनलच्या आत आहे की बाहेर शटल बसने जावं लागतं, हे बघा. स्वस्त दरामागे पुष्कळदा हीच गोष्ट असते. परतीच्या दिवशी तीच शटल विमान चुकवू शकते.

विमा: इथे सावकाश वाचा

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात आणि सगळ्यात जास्त भीतीही इथेच दाखवली जाते.

विम्याचे तीन थर समजून घ्या. पहिला, दुसऱ्याचं नुकसान. तुमच्या हातून कुणाला इजा झाली किंवा कुणाची गाडी, भिंत, कुंपण मोडलं तर त्याची भरपाई. हा बहुतेक देशांत कायद्याने सक्तीचा असतो आणि भाड्यात धरलेला असतो. अमेरिकेत मात्र सावध राहा. तिथे भाड्यात धरलेलं हे संरक्षण त्या राज्याने ठरवलेल्या किमान रकमेपुरतंच असू शकतं, आणि तिथल्या वैद्यकीय खर्चापुढे ती रक्कम फार तोकडी आहे. या थरात काटकसर करू नका. परदेशातून बुकिंग करणाऱ्यांसाठी काही दरांत वाढीव संरक्षण आधीच धरलेलं असतं. तो दर निवडा.

दुसरा थर, तुमच्या हातातल्या गाडीचं नुकसान आणि चोरी. याला कोलिजन डॅमेज वेव्हर, थोडक्यात सीडीडब्ल्यू म्हणतात. नाव लक्षपूर्वक वाचा: ही कंपनीने दिलेली सूट आहे. नुकसान झालं तर एका ठरावीक रकमेपर्यंत तुम्ही भरायचं, त्यावरचं कंपनी सोडून देते. त्या ठरावीक रकमेला 'एक्सेस' म्हणतात. छोट्या ओरखड्यालाही हा एक्सेस लागू होतो, आणि डिपॉझिटची रक्कम पुष्कळदा त्यावरूनच ठरते.

तिसरा थर या एक्सेसचा. काउंटरवर 'संपूर्ण संरक्षण', 'सुपर कव्हर' अशा नावांनी विकतात तो हाच. तो घेतला की एक्सेस शून्यावर किंवा अगदी खाली येतो. यासाठी तीन वाटा आहेत. काउंटरवर घेणं सर्वांत महाग, पण काही झालं तर किल्ली देऊन मोकळं होता येतं. वेगळ्या विमा कंपनीकडून फक्त एक्सेसची पॉलिसी घेणं स्वस्त. पण त्यात आधी कंपनीला पैसे भरायचे आणि मग कागद जोडून परत मागायचे. डिपॉझिटही मोठंच अडकतं, कारण भाड्याच्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही तिच्याकडून काहीच घेतलेलं नसतं. तिसरी वाट क्रेडिट कार्डासोबत येणारं संरक्षण. ते कार्डाकार्डावर बदलतं, काही देश त्यातून वगळलेले असतात (आयर्लंड हे नेहमीचं उदाहरण) आणि पुष्कळदा कंपनीचा सीडीडब्ल्यू नाकारला तरच ते लागू होतं. बँकेकडून लेखी मागवा.

आता वगळलेल्या गोष्टी. सीडीडब्ल्यू असूनही टायर, चाकांच्या रिंगा, काचा, आरसे, छत आणि गाडीचा तळ हे भाग पुष्कळदा बाहेर असतात, आणि परक्या गल्लीत फुटपाथला घासतं ते नेमकं चाकच. चुकीचं इंधन भरणं, किल्ली हरवणं, करारात नाव नसलेल्याने गाडी चालवणं, दारू पिऊन चालवणं, बंदी असलेल्या कच्च्या रस्त्यावर नेणं, या बाबतींत बहुधा कोणताच थर कामाला येत नाही. देशाप्रमाणेही यात भर पडते. आइसलँडमध्ये खडी उडून आणि वाळू-राखेच्या वादळात होणाऱ्या नुकसानीचा वेगळा विमा विकतात. वाऱ्याने उलटं फिरून तुटलेलं दार किंवा नदी ओलांडताना पाण्यात गेलेलं इंजिन सहसा कशातच बसत नाही. तिथल्या 'एफ' अक्षराच्या डोंगरी रस्त्यांवर चारही चाकांना शक्ती असलेल्या गाडीशिवाय जायला बंदी आहे.

मी स्वतः असं ठरवतो: अनोळखी बाजूचा रस्ता, अरुंद गावं किंवा बर्फ, यांपैकी काहीही असेल तर शून्य एक्सेस घेतो, पण बुकिंगच्या वेळीच, काउंटरवर कधीच नाही. सरळ महामार्गांचा प्रवास असेल तर वेगळी स्वस्त पॉलिसी. घेतलेली पॉलिसी छापून सोबत ठेवतो, म्हणजे "तुमच्याकडे काहीच संरक्षण नाही" असं कुणी म्हटलं तर कागद पुढे करता येतो.

काउंटरवर

बुकिंगचा छापील कागद, पासपोर्ट, लायसन्स, परमिट, कार्ड हे सगळं एका पाकिटात, हाताशी. बोलायचं ते थोडक्यात: "बुकिंगप्रमाणेच द्या, आणखी काही नको." एवढं नम्रपणे दोनदा म्हटलं की बहुतेक माणसं पुढे जातात.

मोठी गाडी देऊ केली तर ती मोफत आहे की रोज पैसे लागणार, हे स्पष्ट शब्दांत विचारा. इंधनासाठी 'भरलेली घ्या, भरून द्या' हाच प्रकार घ्या. आधी पैसे भरून रिकामी परत द्यायच्या प्रकारात टाकीत उरलेल्या इंधनाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. कार्ड मशीनने चलन विचारलं तर नेहमी तिथलं स्थानिक चलन निवडा. आपल्या चलनात रक्कम दाखवणारा पर्याय वाईट विनिमय दराने येतो.

सही हल्ली स्क्रीनवर मागतात, आणि स्क्रीनवर फक्त सहीची चौकट दिसते. करार आधी वाचायला मागा. मागची रांग थांबेल. दिवस, एकूण रक्कम, एक्सेसचा आकडा, जोडलेल्या सेवा, परतीची जागा आणि वेळ, दुसऱ्या चालकाचं नाव, एवढं पाहायला दोन मिनिटं लागतात. आणि निघताना विचारा: गाडी पेट्रोलची की डिझेलची, आणि बंद पडली तर कोणत्या नंबरवर फोन करायचा.

पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं

किल्ली मिळाली की सामान डिकीत टाकून निघायची घाई होते. ती आवरा. एकदा मी गाडीभोवती फिरून फोटो काढले, पण चाकांजवळ वाकलो नाही. परत दिल्यावर तीन आठवड्यांनी एका रिंगेवरच्या ओरखड्याचं बिल कार्डावर आलं. तो माझ्या हातून झाला नव्हता, पण सिद्ध करायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. पैसे गेले.

आता सलग व्हिडिओ काढतो: नंबरप्लेटपासून सुरुवात, हळूहळू गाडीला पूर्ण फेरी, मग चारही चाकं जवळून, पुढची काच, छत, बंपरच्या खालच्या कडा. आत बसून इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा. पार्किंग अंधारं असेल तर गाडी उजेडात आणायला सांगा किंवा मोबाइलचा टॉर्च लावा. ओली गाडी असेल तर पुसून बघा, पाण्याखाली ओरखडे लपतात. कंपनीच्या कागदावर गाडीचं चित्र असतं आणि त्यावर आधीचे पोचे, ओरखडे खुणावलेले असतात. तुम्हाला दिसलेला प्रत्येक डाग त्यावर आहे का बघा. नसेल तर माणसाला बोलावून लिहून घ्या. माणूस नसेल तर फोटो तिथूनच कंपनीला ईमेल करा. ईमेलवर वेळ उमटते, तोच पुरावा.

स्टेपनी आहे की फक्त पंक्चरचं किट, हेही पाहा. त्रिकोणी फलक आणि चमकणारं जाकीट अनेक युरोपीय देशांत गाडीत असणं सक्तीचं आहे. थंडीत जर्मनी, ऑस्ट्रियासारख्या देशांत रस्त्यावर बर्फ असताना हिवाळी टायर लागतात. टायरच्या बाजूवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह शोधा. मुलांची सीट मागवली असेल तर तिचे पट्टे ओढून बघा. मी मुलांसाठी घरचीच सीट नेतो. अनेक विमान कंपन्या ती वेगळे पैसे न घेता नेतात.

पहिला तास

रात्रभर जागून आला असाल तर लांबचा पल्ला गाठू नका. विमानतळाजवळ झोपा आणि गाडी सकाळी घ्या. या लेखातलं एकच काही पाळायचं असेल तर हे पाळा.

जागेवरूनच आरसे, सीट, दिवे, वायपर, उलटा गिअर, हँडब्रेक सगळं एकदा वापरून बघा. काही गाड्यांत उलट्या गिअरसाठी दांड्याखालची रिंग वर ओढावी लागते. ते भिंतीसमोर उभं असताना कळलं तर पंचाईत होते. मोबाइलमध्ये त्या भागाचा नकाशा ऑफलाइन उतरवलेला असावा, आणि मोबाइल अडकवायचा स्टँड सोबत असावा.

रस्त्याची बाजू बदलली असेल तर एक खूण डोक्यात ठेवा: त्या देशातल्या गाडीत चालक नेहमी रस्त्याच्या मध्यरेषेच्या बाजूला असतो. तुम्ही कडेला आणि तुमचा सोबती मध्यावर आला, तर बाजू चुकली. चूक गर्दीत होत नाही, कारण पुढची गाडी वाट दाखवते. ती होते पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, पार्किंगमधून वळताना. शेजारी बसलेल्याला प्रत्येक वळणावर मोठ्याने "डावीकडे राहा" किंवा "उजवीकडे राहा" म्हणायला सांगा, पहिले दोन दिवस तरी.

रस्ता उजव्या बाजूचा असेल तर गोल चक्कर घड्याळाच्या उलट दिशेने आणि अग्रक्रम बहुधा डावीकडून चक्करमध्ये आलेल्याला. डाव्या बाजूचा असेल तर दोन्ही उलटं. जर्मनीत फलक नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, मग तो कितीही छोट्या गल्लीतून येत असो. अमेरिकेत लाल दिव्यावर पूर्ण थांबून उजवीकडे वळता येतं, पण न्यूयॉर्क शहरात फलकाने मुभा दिल्याशिवाय नाही. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये वेगाच्या पाट्या मैलांत असतात.

इंधन, टोल आणि मागाहून येणारे दंड

पंपावर रंगावर विसंबू नका. ब्रिटनमध्ये हिरवी नळी पेट्रोलची, अमेरिकेत ती बहुधा डिझेलची. युरोपीय संघात ऑक्टोबर २०१८ पासून पंपावर आणि टाकीच्या झाकणावर जुळणाऱ्या खुणा आहेत: पेट्रोलसाठी वर्तुळ, डिझेलसाठी चौकोन. झाकणावरची खूण आणि नळीवरची खूण जुळली की भरा. चुकीचं भरलं गेलंच, तर इंजिन सुरू करू नका. कंपनीला फोन करा.

स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियात महामार्गासाठी 'विनेट', म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल-पास, लागतो. स्वित्झर्लंडचा वर्षाचाच मिळतो, ४० फ्रँकचा, आणि आता ऑनलाइनही घेता येतो. ऑस्ट्रियाचा थोड्या दिवसांचाही मिळतो. तिथेच भाड्याने घेतलेल्या गाडीत तो बहुधा असतो, शेजारच्या देशातून आणलेल्या गाडीत नसू शकतो. अमेरिकेत अनेक टोलनाक्यांवर पैसे घेणारा माणूसच नाही. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि कंपनी टोलवर रोजचा आकार लावते. तुमचा मार्ग टोलचा आहे का, हे आधी बघून यंत्र घ्यायचं की नाही ते ठरवा.

इटलीत जुन्या शहरांच्या मध्यभागी 'झेडटीएल' नावाचे निर्बंधित भाग आहेत. फ्लोरेन्स, रोम आणि कितीतरी छोट्या गावांत. पाटी लहान, कॅमेरा पक्का, आणि नकाशाचं ॲप तुम्हाला खुशाल आत नेतं. दंड महिन्यांनी येतो. त्याआधी पोलिसांना तुमचं नाव कळवल्याबद्दल कंपनी स्वतःचा आकार कार्डावर टाकते. हॉटेल अशा भागात असेल तर गाडीचा नंबर नोंदवून घ्यायला आधी कळवा.

अपघात झाला तर

आधी माणसं. युरोपीय संघात ११२, अमेरिका-कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडमध्ये १११, जपानमध्ये पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९. मग फोटो, समोरच्याचा नंबर, पोलिसांचा अहवाल. नुकसान छोटं असलं तरी अहवाल घ्या. अनेक करारांत त्याशिवाय विमा मिळत नाही. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर चूक कबूल करणारी सही करू नका. त्याच दिवशी कंपनीला कळवा.

परत देताना

विमानतळापासून थोडं अलीकडे टाकी भरा; अगदी जवळचे पंप महाग असतात. पावती जपून ठेवा, तिच्यावर वेळ आणि जागा असते. इलेक्ट्रिक गाडी असेल तर किती टक्के चार्जिंगवर परत द्यायची ते करारात बघा आणि चार्जिंगसाठी तासभर हाताशी ठेवा.

परतीच्या जागेची पाटी बहुधा टर्मिनलच्या आधीच एका वेगळ्या फाट्यावर असते. ती चुकली की पूर्ण फेरा पडतो. म्हणून विमानाच्या वेळेआधी किमान तीन तास तिथे पोहोचा. आतून वाळू, कचरा काढा, सीटखाली आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात हात घालून बघा, गाडीच्या स्क्रीनवरून तुमचा मोबाइल आणि पत्ते पुसा. सुरुवातीसारखाच व्हिडिओ काढा: चाकं, काटा, किलोमीटर. कर्मचाऱ्याला तुमच्यासमोर गाडी तपासायला सांगा आणि 'नवीन नुकसान नाही' अशी पावती घ्या. काउंटर बंद असताना किल्ली पेटीत टाकायची असेल, तर कर्मचारी येऊन तपासेपर्यंत गाडीची जबाबदारी तुमचीच असू शकते. अशा वेळी गाडी नेमकी कुठे उभी केली त्या जागेचाही फोटो काढा.

घरी आल्यावर दोन महिने कार्डाचं स्टेटमेंट बघत राहा. डिपॉझिट मोकळं झालं का, न कळवता काही कापलं का. न समजणारी रक्कम दिसली तर कंपनीला लेखी विचारा, पुरावा मागा, तुमचा व्हिडिओ जोडा. समाधानकारक उत्तर आलं नाही तर बँकेत त्या व्यवहारावर हरकत नोंदवा. त्याला मुदत असते, उशीर करू नका. फोटो, करार आणि पावत्या निदान वर्षभर पुसू नका.